ह्यूस्टनची बाग शनिवारी असते

मी लहान होते तेव्हाची गोष्ट. म्हणजे बासष्ट वर्षांची होते. आता एकोणसत्तरावं चालू आहे, थोडी अक्कल आली आहे, त्यामुळे त्या वेळची मी आठवले की तिला कान धरून उभं करावंसं वाटतं. पायात नवे कोरे स्पोर्ट्‌स शूज, गुडघे शाबूत, आणि डोक्यात सकाळी उठल्यापासून एकच विषय: विहीणबाई.

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. सोलापूरला वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या. उभा जन्म बाजारातले तराजू उलटे करून बघण्यात गेला. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोखरलेलं वजन, अर्ध्या इंचाने आखडलेली कापडवाल्याची पट्टी, काही म्हणून नजरेतून सुटायचं नाही. निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, मोजायची खोड सुटली नाही. त्यांचा धाकटा मुलगा म्हणजे आमचे जावई, इथे जर्मनीत, नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. थोरला अमेरिकेत. त्याची नोकरी दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलायची आणि बाई दर वेळी सहा महिने त्याच्याकडे जाऊन राहायच्या. असं करत सात-आठ शहरं त्यांच्या पायाखालून गेली होती. बाकीचे लोक अमेरिकेहून बदाम आणि चॉकलेटं आणतात. या बाई बागांचे मार्क घेऊन आल्या.

त्यासाठी एक वही होती, निळ्या पुठ्ठ्याची, लांबट. एका शहराला एक पान. आडवे रकाने आखलेले: घरापासून पावलं, बाक, सावली, पाणी, संडास, मग नुसतंच 'बो.' असं लिहिलेला एक रकाना, आणि शेवटी दूर्वा. 'बो.' म्हणजे काय, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. "ते तुमच्या कामाचं नाही, विहीणबाई," त्या म्हणाल्या. मी आपलं मनाशी ठरवून टाकलं, बोगनवेल असणार.

आम्ही दोघी त्या उन्हाळ्यात एकाच वेळी नेकारसुल्मला होतो, कारण नातीची किटा, म्हणजे तिची बालवाडी, सुट्टीसाठी बंद होती आणि लेकीचं ऑफिस तिला सुट्टी द्यायला तयार नव्हतं. नात पाच वर्षांची. तिला सांभाळायला एक आजी पुरली असती. पण जावयांनी त्यांच्या आईला विचारलं, लेकीने मला विचारलं, आणि दोघींनीही एका दमात हो म्हटलं.

मी आधी पोचले होते. बागेकडे खिडकी असलेली मोठी खोली मी घेतली होती, कपाटात साड्याही लावून झाल्या होत्या. विहीणबाई यायच्या आदल्या दिवशी माझी मीच साड्या काढल्या आणि इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या खोलीत गेले. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या आईने लहानपणापासून मनावर बिंबवलं होतं ना, आपण मुलीकडचे. मुलाकडच्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, त्यांनी लिहिलं ते खोडायचं नाही, त्यांनी मीठ जास्त घातलं तरी चव छान म्हणायचं. बासष्ट वर्षांची घोडी मी, स्काइपवरून फ्रेंच विणकाम शिकलेली, आणि साड्या उचलून गपचूप त्या कोंदट खोलीत. वर लेकीला सांगते काय, तर "अगं, मला तिकडे वारं लागतं."

विहीणबाईंनी खिडकी उघडली, बागेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दोनशे चाळीस पावलं असतील."

दोनशे अडतीस निघाली. मी मागून मोजत गेले होते. दोन पावलं चुकल्या याचा मला इतका आनंद झाला की रात्री भात दोनदा घेतला.

बागांबद्दल त्यांचं म्हणणं एकच होतं. "बाग किती मोठी ते नका सांगू. घरापासून किती पावलं ते सांगा." अमेरिकेत त्यांना गाडी चालवता यायची नाही. मुलगा-सून कामाला गेले की घरात त्या आणि फ्रीज. "त्यातला बोलका फ्रीज," त्या म्हणायच्या. मग जिथे चालत पोचता येईल ती बाग खरी, बाकीच्या कॅलेंडरवरच्या. ह्यूस्टनची बाग प्रचंड, आत तळं, झाडं, सगळं. पण मधे आठ पदरी रस्ता आणि फुटपाथ मधेच संपलेला. मुलगा शनिवारी गाडीने न्यायचा. त्यामुळे त्यांच्या वहीत ह्यूस्टनच्या पानावर लिहिलेलं होतं: ही बाग शनिवारी असते.

मिनिॲपोलिसला कुठूनही निघा, बाग आडवी येतेच, म्हणून पावलांना पैकीच्या पैकी. पण सहा महिने बाक बर्फाखाली. "मी उकरून काढला एक. बसून बघितल्याशिवाय मार्क कसे देणार?" शिकागोला तळ्याकाठी बसायला राजेशाही जागा, पण वाऱ्याने माकडटोपी नेली, तिचा एक मार्क कापला. फिनिक्सला बाकावर पोळी फुगेल. सॅन फ्रान्सिस्कोला बाग चढावर, आणि सगळे बाक वर पोचल्यावर. "बाक मधे पाहिजे. वर पोचलेल्या माणसाला बाक कशाला?" न्यूयॉर्कच्या मोठ्या बागेत बाकांवर लहान पाट्या असतात म्हणे, गेलेल्या माणसांच्या नावाच्या. विहीणबाई पाटी वाचायच्या, "बसू का?" असं विचारायच्या, आणि मगच बसायच्या.

आणि दूर्वा. डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा, तिकडे उन्हाळी मुलखात हिरवळच मुळी दूर्वांची, माणसं तिच्यावर सतरंजी टाकून लोळतात. शिकागो-मिनिॲपोलिसला थंडीमुळे एक काडी नाही. शिकागोच्या तळ्याचं एवढं कौतुक करणारी बाई, पण दूर्वांच्या रकान्यात भोपळा. "तळं आहे म्हणून दूर्वांचे मार्क द्यायचे? असं नसतं हो."

हे सगळं त्या जेवताना सांगायच्या आणि माझा घास फिरायचा. मी अमेरिका बघितली नव्हती. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच बाग, पुण्यातली, आमच्या सोसायटीजवळची. ती काढली तर म्हणाल्या, "पुण्यातल्या बागा दुपारी बंद असतात ना? मग उन्हाचं माणसाने बसायचं कुठे?" एकदा मी तयारीनिशी उतरले. यूट्यूबवर अमेरिकन बागांचे व्हिडिओ तासभर बघितले आणि आमटी वाढता वाढता सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "सिॲटलच्या बागा काय सुंदर आहेत, नाही?"

"बाकाला पाठ आहे?" विहीणबाईंनी विचारलं.

व्हिडिओत बाकाची पाठ कोण बघतं? मी आमटी सांडली.

पण बागा आणि शहरं हा वरवरचा मामला. माझं खरं दुखणं दोन शब्दांचं होतं. लेक मला हाक मारायची "ए आई" आणि त्यांना "अहो आई". ते एक वेळ रीत म्हणून सोडा. नात त्यांना म्हणायची 'आजी' आणि मला म्हणायची 'ओमा'. ओमा म्हणजे जर्मनमध्ये आजीच. पण नेकारसुल्ममधल्या प्रत्येक पिकल्या केसाच्या बाईला ओमा म्हणतात.

आणि हे मीच करून घेतलं होतं. पोरगी बोलायला लागली तेव्हा किटातून 'ओमा' शिकून आली आणि मी काय केलं, तर टाळ्या वाजवल्या. मैत्रिणींना फोन केले. आमची नात मला ओमा म्हणते, जर्मनमध्ये! आपण किती मॉडर्न. विहीणबाईंनी मात्र अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर स्वच्छ सांगितलं, "मला आजी म्हणायचं. ओमा म्हटलंस तर मी ओ देणार नाही." पोरीने दोनदा ओमा म्हणून बघितलं. पलीकडून ओ आली नाही. तिसऱ्यांदा आजी.

नातीला मराठी समजायचं सगळं, पण उत्तर जर्मनमध्ये. मी विचारायचे, "दूध पिणार?" ती म्हणायची, "नाइन, ओमा," म्हणजे नको. विहीणबाईंशी मात्र मराठीत. कारण त्यांनी तिला कामाला लावलं होतं. पर्समध्ये शिंप्याची टेप असायची. तिचं एक टोक नातीच्या हातात, दुसरं यांच्या. "बोल, किती?" बाकाची उंची अठरा इंच पाहिजे, असा त्यांचा निकष. "त्याहून खाली गेला की बसायला बाक आणि उठायला सून लागते." आणि आकडा मराठीतच सांगायचा, नाहीतर टेप गुंडाळली जायची. सतरा, अठरा, एकोणीस, पोरगी बघता बघता शंभरापर्यंत गेली. विहीणबाईंना त्यातली गंमतही सापडली होती. "अगं, अमेरिकेत वीस-एक म्हणतात. तुझे जर्मन आपल्यासारखे शहाणे. आधी एक, मग वीस. एकवीस." पोरीला ते इतकं आवडलं की ती दिवसभर घरात "आइन-उंड-त्स्वान्त्सिश, एकवीस! आइन-उंड-त्स्वान्त्सिश, एकवीस!" म्हणत उड्या मारत होती.

मी पलीकडच्या बाकावर बसून विणत होते. टाके किती सुटले ते विचारू नका.

ऑगस्ट संपत आला, गणपती आले. विहीणबाईंनी नेकारसुल्मचं पान अजून लिहिलं नव्हतं. तपासणी पुरी झाल्याशिवाय शेरा मारायचा नाही, हा खात्याचा शिरस्ता. पण एक गोष्ट त्यांनी जेवताना जाहीर केली, "या बागेत दूर्वा नाहीत. मी इंचन्‌इंच बघितली."

लेक म्हणाली, "अहो आई, मी कोथिंबीर आणून ठेवलीये. हिरवंच तर आहे."

सकाळी नातीचा हात धरला आणि बाग गाठली. मनात एकच: आज या बाईची नजर खोटी पाडायची, पोरीच्या देखत. मग बघू कोण आजी आणि कोण ओमा.

तिसऱ्या बाकामागे मला गवत दिसलं. कोवळं, तीन पात्यांचं. माझ्या त्या वेळच्या डोळ्यांना ते दूर्वांसारखं दिसलं, कारण मला ते तसं दिसायलाच हवं होतं. मी गुडघ्यांवर बसले आणि खुडायला लागले. नात मोजत होती. आइन्स, त्स्वाय, द्राय. मी म्हटलं, "एक, दोन म्हण की ग." ती म्हणाली, "नाइन, ओमा. फिअर, फ्युन्फ."

तेवढ्यात एक जर्मन आजीबाई सायकलवरून उतरल्या. स्वतःचं बोट दाखवत काहीतरी विचारलं, त्यात 'रिंग' असा शब्द आला. माझं जर्मन तेव्हा दोन शब्दांचं. एक गुटन टाग, दुसरा गेनाऊ. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. गुटन टाग म्हणून झालं होतं, म्हणून मी म्हटलं, "गेनाऊ."

झालं. आजीबाईंनी सायकल स्टँडवर लावली आणि माझ्या शेजारी गुडघ्यांवर आल्या. कुत्रं फिरवणारे एक आजोबा थांबले, त्यांनाही सांगितलं गेलं, तेही बसले. तिघं आम्ही रांगतोय, ते दोघं माझी न हरवलेली अंगठी शोधताहेत आणि मी भराभर गवत खुडतेय, कारण एकवीस व्हायच्या होत्या. शेवटी नात ओरडली, "नाइन! फ्युर डेन एलेफांटेन!"

संध्याकाळी लेकीने हसून हसून डोळे पुसत मला भाषांतर करून दिलं. पोरीने त्यांना सांगितलं होतं, की आमची ओमा हत्तीसाठी गवत काढतेय. आजोबांनी विचारलं, हत्ती कुठे आहे? ती म्हणाली, घरी, बैठकीच्या खोलीत, अजून जेवला नाही.

पण ते संध्याकाळचं. सकाळी मी जुडी दोऱ्याने बांधून घरात शिरले ती लढाई जिंकल्यासारखी. विहीणबाई गणपतीपुढे बसल्या होत्या. जुडी त्यांच्यापुढे धरली.

"या काय, विहीणबाई, दूर्वा. एकवीस. मोजून घ्या."

त्यांनी चष्मा लावला. जुडी हातात घेतली, उलटी केली, एक काडी दोन बोटांत धरून फिरवली. पूर्वी वजनं अशीच फिरवत असतील.

"कुठे मिळाल्या?"

"बागेत. तिसऱ्या बाकामागे. तुम्ही पाच मिनिटं बसला होतात की त्या बाकावर!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग नातीकडे. मग चष्मा काढून पुसला. "अस्सं? माझी नजर कमी झाली म्हणायची," असं म्हणून त्यांनी जुडी गणपतीच्या मस्तकावर ठेवली.

मी त्या दिवशी सात मोदक खाल्ले.

दीड दिवसाने बाल्कनीत बादलीत विसर्जन झालं. मी निर्माल्य गोळा करत होते. नात शेजारी येऊन बसली, तिने त्या जुडीतली एक काडी उचलली, दोन बोटांत फिरवली, आणि म्हणाली,

"ओमा, त्या दूर्वा नव्हत्या. दूर्वांना पेरं असतात. आजी म्हणाली, ओमाला सांगायचं नाही."

तीन वाक्यं. मराठीत, मला उद्देशून, व्याकरणासकट! ज्याच्यासाठी मी सगळा उन्हाळा झुरले ते माझ्या पदरात पडलं, आणि पडलं ते असं. मी निर्माल्याची पिशवी धरून बसून राहिले. हरले याचं काही नाही. पण त्या बाईने मला हरू दिलं नव्हतं, याचा इतका संताप आला! चार टोमणे मारले असते तर मीही चार मारले असते. त्यानंतर आठ दिवस मी वाट बघत होते, जेवताना, चहाला, बाकावर. चकार शब्द नाही. दोनशे अडतीस पावलं मोजत जायच्या आणि यायच्या.

आठ दिवसांनी त्या थोरल्याकडे, पुन्हा ह्यूस्टनला निघाल्या. मी ओटी भरली. दारात मी म्हटलं, "आमच्या नेकारसुल्मला किती मार्क?"

"पान लिहायचंय अजून. विमानात लिहीन," त्या म्हणाल्या. "तुम्ही आता खिडकीची खोली घ्या. त्या खोलीत तुम्हाला वारं लागत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहितीये."

पुन्हा भेट नाही. त्यांचे दोन्ही गुडघे गेले, एवढा लांबचा प्रवास बंद झाला, त्या ह्यूस्टनला थोरल्याकडेच कायमच्या राहिल्या. मी दर उन्हाळ्यात येते, तीन महिन्यांच्या व्हिसावर, खिडकीच्या खोलीत राहते. नात दर रविवारी त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलते. त्यांनी तिला त्यातूनच बाराखडी शिकवली, एका रविवारी एक अक्षर. मी शेजारच्या खोलीत इस्त्री करत ऐकते. सहा वर्षं झाली, विणकाम सुटलं, हेवा सुटला नाही.

या उन्हाळ्यात नात बाबाबरोबर ह्यूस्टनला जाऊन आली. अकरा वर्षांची झालीय, उंची माझ्या खांद्याशी. परत आली ती निळी वही घेऊन. भरली म्हणून आजीने दिली म्हणाली. आम्ही दोघी बागेत गेलो, तिसऱ्या बाकावर बसलो.

"वाच की," मी म्हटलं. "बघू तुझं मराठी."

ती बोट ठेवून वाचायला लागली. "शिकागो. बो., शून्य. डॅलस. बो., शून्य."

"बोगनवेल नव्हती तिथे?"

"काय? ओमा, बो म्हणजे बोललं. कुणी बोललं का, असं." ती माझ्याकडे मी काहीच कशी समजत नाही अशा नजरेने बघत होती. "मिनिॲपोलिस. बो., एक. कंसात, कुत्र्याशी बोलला, पण माझ्याकडे बघून. न्यूयॉर्क. बो., फक्त पाट्या. ह्यूस्टन, शून्य."

सात-आठ पानं तशीच उलटली.

"नेकारसुल्म," तिने वाचलं. "पावलं, दोनशे अडतीस. बाक, चार, पाठ आहे. सावली, बरी. पाणी नाही. संडास आहे, स्वच्छ. बो., रोज. कंसात, टोमणे धरून." ती हसली. मग बोट पुढे सरकलं आणि थांबलं. "दूर्वा, आहेत. आजीने आणल्या."

तिने पुन्हा वाचलं. मग जर्मनमध्ये घसरली. "वेल्शे आजी? कुठली आजी? लिहिणारी आजीच आहे ना. तिने कुठे आणल्या? त्या तर..." ती वळली. "तू? इथे आजी म्हणजे तू?"

"लिहिलंय तसं."

"पण त्या दूर्वा नव्हत्याच! मला आठवतंय, गवत होतं, एलेफांटवालं. आल्झो, हे फाल्श आहे." तिने कंपासपेटीतून खोडरबर काढलं. विहीणबाई पेन्सिलने लिहायच्या, तपासणी बदलली तर बदलता यावं म्हणून. "शिकागोला एक मार्क फुकट दिला नाही तिने. खोडू का, आजी?"

आजी म्हणाली. तिच्या लक्षातही आलं नाही.

पण माझं लक्ष त्या ओळीवर. जिने जन्मभर लोकांची खोटी वजनं जप्त केली, तिने स्वतःच्या हाताने एक खोटं वजन टाकलं, आणि तेही माझ्या पारड्यात. मला हे सात जन्मात सुचलं नसतं. असा जळफळाट झाला म्हणून सांगू!

"ठेव ते रबर," मी म्हटलं. "मुलाकडच्यांनी लिहिलंय. आपण खोडायचं नसतं."